बंद घरात मोजलेलं पाणी

आधी माफी मागतो. या सदरात लिहिणारी माणसं सराईत असतात, मी नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तीही अर्धीच चढलोय. चिपळूणला दोन वर्षं झाली, तिसरं वर्ष इथे सौदी अरेबियात, मुक्त विद्यापीठाची पुस्तकं मागवून, कॅम्पमधल्या पलंगावर बसून करतोय. विषय इतिहास. पण परीक्षेच्या पेपरापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. हे तीन-चार वेळा लिहून फाडलं. शुद्धलेखन चुकलं, कुठे पाल्हाळ झालं, तर सांभाळून घ्या.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, असं म्हटलं तर तुम्ही हसाल, कारण इथे प्रत्येकजण तेच म्हणून सुरुवात करतो. पण खरंच नव्हता. दाभोळच्या खाडीकाठी वाढलेल्या पोराला अशा गोष्टी इतक्या ऐकवतात, की भीती वाटायची बंद होते आणि कंटाळा यायला लागतो. आणि आजही, जे झालं त्याला मी भूत म्हणत नाही. काय म्हणायचं, हेच मला ठाऊक नाही...

मी धाहरानजवळ एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीच्या स्टोअरमध्ये असिस्टंट आहे. व्हॉल्व्ह, गॅस्केट, पाइपचे जोड, आलं-गेलं लिहायचं. एका केबिनमध्ये चौघं राहतो. माझ्या वरच्या पलंगावर साताऱ्याचे संपतराव, इलेक्ट्रिशियन. मला ते 'बी.ए.' म्हणूनच हाक मारतात. "काय बी.ए., आज कंच्या राजाला मारलं?" असं रोज विचारतात.

आता मूळ गोष्ट. मला एक मोठा भाऊ आहे, सदानंद. मी त्याला दादा म्हणतो. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. दादाने शाळा सोडली आणि समुद्र धरला. मी पुढे शिकलो ते त्यामुळे. आधी तो गावच्या होड्यांवर होता, मग दुबईला जाऊन मालवाहू लाँचवर खलाशी झाला. लाँच म्हणजे ती मोठी लाकडी गलबतं, इंजिनवर चालणारी. जुनी टायरं, कांदे, फ्रीज, काय वाटेल ते घेऊन ती तांबड्या समुद्रातल्या बंदरांपर्यंत जातात. दादा कुठल्याही बंदराला लागला की गावातल्या वाण्याच्या दुकानात फोन करायचा. गावात फोन तेवढाच.

२००४च्या दिवाळीनंतर त्याने जेद्दाहून फोन केला. वहिनीशी बोलला, आईशी बोलला. "आता निघतो" म्हणाला. त्यानंतर काही नाही. दुबईतल्या एजंटचं म्हणणं एकच, लाँच जेद्दाहून सुटली, पुढच्या बंदराला लागली नाही. वादळ नव्हतं, बातमी नव्हती, एकही फळी कुणाला सापडली नाही.

असे महिने गेले. पुढचा गणपती जवळ आला तेव्हा भावकीत प्रश्न उभा राहिला. आमचा गणपती सगळ्या भावकीचा मिळून एक, आणि तो आमच्या घरात बसतो. पण ज्या घरातला माणूस असा गेला, त्या घराला सुतक आहे की नाही? असेल तर गणपती बसायचा नाही. नसेल तर माणूस कुठे आहे?

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. माणूस समुद्रात गेला आणि देह मिळाला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, आणि त्याला अग्नी देऊन पुढचं सगळं रीतसर करतात. मग सुतक धरता येतं, फेडता येतं. बायकोनेही मग कुंकू पुसायचं. आमचे बाबूकाका, म्हणजे वडिलांचे चुलत भाऊ, भावकीत मोठे. त्यांनी भटजींना विचारूनही ठेवलं होतं. आई ऐकत नव्हती. वहिनी काही बोलतच नव्हती.

शेवटी बाबूकाका मला फोनवर म्हणाले, "विनू, तू शिकलेला हायस आणि त्याच मुलखात हायस. एकदा जेद्दाला जाऊन ये. काय कळलं तर सांग, नाय कळलं तर तसं सांग. तू सांगशील तो शब्द धरू आम्ही."

म्हणजे माझ्या एका वाक्यावर वहिनीचं कुंकू राहायचं किंवा जायचं. माझं वय तेव्हा एकवीस होतं.

जेद्दा धाहरानपासून देशाच्या दुसऱ्या टोकाला. इथे कामगाराला उठून कुठेही जाता येत नाही, कफीलचा, म्हणजे ज्याच्या नावावर आलोय त्या इथल्या मालकाचा, कागद लागतो. पण नशिबाने ऑगस्टमध्ये आमच्या कंपनीचा एक कंटेनर जेद्दाच्या बंदरात आला. तो आणायला ट्रेलर जाणार होता आणि माल तपासायला स्टोअरचा एक माणूस हवा होता. मी नाव दिलं. ट्रेलरचे ड्रायव्हर इसाकचाचा. ते श्रीवर्धनकडचे, अर्धं आयुष्य इथे ट्रक चालवण्यात गेलेलं. कॅम्पमध्ये आमच्याशी मराठीतच बोलतात, आणि कुणी हिंदीत बोलायला लागलं की "अरे, मी काय दिल्लीचा आहे?" म्हणून रागावतात.

रियाध, ताइफ, आणि मग मक्केच्या अलीकडे रस्ता फुटतो. मोठी पाटी आहे. मुसलमानांनी सरळ जायचं, बाकीच्यांनी बाहेरून वळसा घालून. इसाकचाचांनी माझ्यासाठी आणि ट्रेलरसाठी वळशाचा रस्ता घेतला.

"दर वेळी या फाट्यावर वाटतं, गाडी सोडावी आणि सरळ जावं," ते म्हणाले. "पण मग तुझे पाइप कोण नेणार? तुझा मॅनेजर?"

आम्ही गुरुवारी दुपारी पोचलो. शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे कंटेनर शनिवारी मिळणार होता. इसाकचाचा शेअर टॅक्सी करून मक्केला निघाले. जुम्म्याची नमाज तिथे पढून, उमऱ्याची छोटी यात्रा करून शनिवारी सकाळी परत येणार होते. जाताना म्हणाले, "तुझ्या भावासाठी मागतो तिथे. नाव काय म्हणालास? सदानंद. लक्षात राहील."

मी एकटा राहिलो.

जेद्दाचा जुना भाग, त्याला बलद म्हणतात, मला पुस्तकातून थोडा माहीत होता. एके काळी आमच्या दाभोळहून जहाजं इथे यायची, यात्रेकरू आणि कापड घेऊन. अभ्यासाच्या पुस्तकात त्यावर दोनच ओळी आहेत, पण त्या वाचताना मला फार आनंद झाला होता. आपल्या गावाचं नाव छापलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. प्रत्यक्ष बलद पाहिलं तेव्हा वाटलं, वेगळ्या कामासाठी आलो असतो तर बरं झालं असतं. प्रवाळाच्या दगडाची चार-चार मजली घरं, एकमेकांकडे झुकलेली. प्रत्येक घराला लाकडी जाळीचे मोठाले सज्जे, भिंतीबाहेर आलेले, काही निळे, काही हिरवे, बहुतेकांचा रंग उडालेला. मूळ मालक कधीच नव्या वस्तीत गेलेत. कुठे आफ्रिकेतली कुटुंबं, कुठे येमेनी, कुठे नुसती कुलपं आणि मांजरं.

गुरुवारी संध्याकाळभर मी दादाचा फोटो घेऊन हिंडलो. फोनची केबिनं, खानावळी, बंदराकडचे चहावाले. एका मलबारी चहावाल्याने फोटो बराच वेळ पाहिला. "लाँचवाले बहुत आते थे भाई," तो म्हणाला. "सब का चेहरा ऐसा ही होता है. धूप में जला हुआ." फोटो परत देताना त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. तेव्हाच मला कळलं की त्याला काय वाटतंय.

शुक्रवारी दुपारी नमाज सुटली आणि गल्ल्या रिकाम्या झाल्या. सगळी दुकानं बंद. ऑगस्टमधलं जेद्दा कसं असतं, ते किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच सांगता येईल. ऊन तर आहेच, वर दमट, शर्ट अंगाला चिकटलेला. मी कुठे जावं? लॉजची खोली सहा जणांची होती, आणि सगळे झोपलेले. मी चालत राहिलो. काय सांगायचं घरी? "काही कळलं नाही" हेच खरं होतं. पण मी ते म्हटलं की पळसाची पानं आणायला कोणीतरी रानात जाणार...

एका बोळात सावली होती. एक उंच घर, दाराला लागून दगडी ओटा. दाराला मोठं गंजलेलं कुलूप, कडीवर कोळिष्टकं. मी ओट्यावर बसलो. डोक्यावर लाकडी सज्जा होता. बोळात कोणी म्हणजे कोणी नव्हतं.

आधी आवाज आला तो पाण्याचा. डुब्. जड वस्तू पाण्यात टाकल्यासारखा. मला वाटलं, कुणाच्या एसीचं पाणी बादलीत पडतंय.

मग वरून, सज्ज्याच्या जाळीमागून, माणसाचा आवाज आला.

"सात वा... व."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं माप. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. होडी आत आणताना एकजण पुढे उभा राहून शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडतो आणि किती वाव पाणी आहे ते ओरडून सांगतो. तांडेल त्यावर होडी हाकतो. आता मोठ्या लाँचवर मशीन असतं, पण आमच्याकडची पोरं अजून हे शिकतात. गोळ्याच्या बुडाला साबण लावलेला असतो. त्याला तळाचं जे चिकटून येईल तेही सांगायचं, चिखल की वाळू.

आमच्या वडिलांना दमा होता. 'वाव' म्हणताना त्यांचा श्वास मध्येच तुटायचा. दादा त्यांच्याकडून शिकला, म्हणून त्यानेही तसंच उचललं. धडधाकट माणूस, पण पाणी मोजायला लागला की 'वा' म्हणून श्वास तोडणार आणि मग 'व'. होडीवरचे त्याला चिडवायचे, "सद्या, पाणी मोजतोस का रडतोस?" दुसरा कोणी असं मोजत असेल, असं मला वाटत नाही. जगात कुठेच.

डुब्.

"सहा वा... व. चिखल."

मी उठून उभा राहिलो. वर पाहिलं. जाळीत काळोख. पुन्हा गोळा पडला, पुन्हा आवाज आला. या वेळी "साडेचार", आणि तो वरच्या मजल्यावरून नाही, त्याच्या खालून. मग "चार". प्रत्येक वेळी आवाज खाली येत होता, जिना उतरावा तसा. घाई नव्हती. भीती नव्हती. कामात असलेल्या माणसाचा आवाज होता तो, आपल्याला कोणी ऐकतंय हे ज्याला माहीत नाही.

"तीन वा... व. वाळू."

हा दाराच्या आतून आला. माझ्यापासून हातभर अंतरावरून. मी दारावर दोन्ही तळवे ठेवले. तुमचा विश्वास बसणार नाही, माझाही बसत नाही... ते दार माझ्या हाताखाली वर-खाली होत होतं. खडखडत नव्हतं, उघडत नव्हतं. लाटेवर फळी उचलते आणि बसते, तसं. होडीत ज्याचं लहानपण गेलं त्याला हे शिकवावं लागत नाही.

"दादा!" मी तेव्हा ओरडलो. "दादा, मी विनू!"

डुब्. "दोन वा..."

आणि बस. पुढचा 'व' आला नाही. दार पुन्हा दार झालं, गरम आणि कोरडं. मी कुलूप ओढलं, लाथा मारल्या, नाव घेऊन हाका मारत राहिलो.

माझा आवाज ऐकून समोरच्या घरातून एक म्हातारा येमेनी लुंगी सावरत बाहेर आला. माझ्याकडे, कुलपाकडे, परत माझ्याकडे पाहिलं. "माफी नफर," तो म्हणाला. माणूस नाही इथे कोणी. मग हात झटकून, "खलास. मिन ज़मान." फार दिवसांपासून. मी कानाला हात लावून विचारलं, आवाज? त्याने मान हलवली. मग आत गेला आणि थंड पाण्याची बाटली आणून माझ्या हातात दिली. मी पाणी पिईपर्यंत तो उभा राहिला, दवाखान्यात नातेवाईक उभे राहतात तसा.

मी अंधार पडेपर्यंत त्या ओट्यावर बसून होतो. काहीच झालं नाही.

शनिवारी इसाकचाचा आले, डोकं तुळतुळीत केलेलं, हातात मक्केच्या झमझम विहिरीच्या पाण्याचा कॅन. कंटेनर चढवून आम्ही निघालो तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ताइफच्या घाटापर्यंत गाडी आणली.

"जेवला होतास काल?" मग त्यांनी विचारलं.

"सकाळी. खुबूस रोटी आणि चहा."

"मग ऊन लागलं असेल." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "ऊन लागलं असं म्हण. बरं असतं तसं म्हटलेलं." आणि आणखी बऱ्याच वेळाने, रस्त्यावरची नजर न काढता, "मी काल मागायला उभा राहिलो ना, तर मला कळेचना, जिवंतासाठी मागायचं की गेलेल्यासाठी. दोन्ही वेगळं असतं. शेवटी दोन्ही मागितलं. म्हटलं, त्याला जे लागू असेल ते तो घेईल."

कॅम्पवर संपतरावांनी तर एका फटक्यात निकाल दिला. "बी.ए., आरं तो गेला. जिवंत माणूस कशाला बंद घरात बोलतोय? निरोप घ्यायला आला हुता तुझा. नशीबवान हायस, लोकांना तेवढं बी मिळत न्हाय." मग माझं तोंड पाहून पलंगावरून खाली उतरले, चहा केला आणि स्वतःची बिस्किटं माझ्यापुढे ठेवली.

सगळ्यांचं म्हणणं एकच निघत होतं. असा आवाज मेलेल्याचाच येतो. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. शुक्रवारी फोन करायचा होता, आणि मी मनात वाक्य पाठ करत होतो. "काही कळलं नाही, काका. तुम्ही योग्य ते करा." एवढंच. बंद घराचं सांगायचं नाही. आईला कशाला?

फोन बाबूकाकांनीच घेतला. वाण्याच्या दुकानात सगळी भावकी जमली असावी, मागे खोकल्याचे आवाज येत होते.

"बोल रं. हां का ना?"

"काका... आईला द्या ना."

"आईला काय देऊ? मला सांग. भटजी ताटकळलेत."

"काका, आईला द्या."

आई आली. तिला फोनवर कसं बोलायचं ते अजून नीट जमत नाही, ती ओरडते. "जेवलास काय रं?"

आणि माझं पाठ केलेलं वाक्य गेलं. मी सगळं सांगितलं. कुलूप, बोळ, आवाज, वडिलांसारखा तुटलेला 'वाव'. मला वाटलं ती रडेल.

"पयला किती सांगितलान?" तिने विचारलं. अगदी हळू.

"सात."

"मग?"

"सहा. चिखल म्हणाला. मग साडेचार, चार..."

"मग?"

"तीन. वाळू."

"वाळू म्हणाला? नीट आठव."

"वाळू म्हणाला, आई. मग दोन म्हणता म्हणता थांबला."

मी आठवडाभर ते आकडे डोक्यात घोळवत होतो. रात्री झोपेतही तेच ऐकत होतो. पण ते एका ओळीत मांडून पाहिले नव्हते, कारण मी आवाजाला घाबरलो होतो, आकड्यांकडे लक्षच नव्हतं. आईने विचारलं तेव्हा, सांगता सांगताच, माझ्या अंगावर काटा आला.

"पाणी कमी होतंय, विनू," आई म्हणाली. "चिखलाची वाळू लागली. तो बुडत नाय रं. तो किनाऱ्याला लावतोय."

मग फोन हातातून खाली गेला असावा, कारण तिचा आवाज लांबून आला, पण मला स्पष्ट ऐकू आलं. "पानं आणायची नाय. गणपती बसल आपल्या घरात."

त्यावर जो गोंधळ झाला, तो फोनवर पुरता कळला नाही. शेवटी बाबूकाका होते. "शिकलेलं पोरगं म्हणून तुला धाडला," ते म्हणाले, "आणि तू आम्हाला वाऱ्यावरचे आवाज सांगतोस? त्या पोरीनं किती वर्षं बसायचं असं?" फोन आदळला.

त्यांचं चुकत नव्हतं. हे मला आजही वाटतं.

त्या वर्षी गणपती आमच्या घरात बसला. भावकीतली निम्मी घरं आरतीला आली नाहीत. नंतर चुलत बहिणीकडून कळत राहिलं. वहिनीला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावर बायकांत कुजबुज होते, कुणी बोलवतं आणि कुंकू लावताना हात आखडतं. वहिनीच मग जायची थांबली. हे ऐकलं की मला जेवण जायचं नाही. एका दुपारी, उन्हात, उपाशी पोटी मी काहीतरी ऐकलं, आणि त्यावर तिकडे एक बाई ना इकडची ना तिकडची होऊन बसली. मी इथे व्हॉल्व्ह मोजतोय. मला आठवतं, थंडी पडली तेव्हा कॅम्पच्या मागे वाळूत जाऊन मी एकटाच 'सात वाव, सहा वाव' असं म्हणून पाहायचो, तो आवाज खरंच तसाच होता का म्हणून. म्हणता म्हणता मूळ आवाज पुसट व्हायला लागला, मग ते बंद केलं.

जानेवारीत इसाकचाचांबरोबर पुन्हा एकदा जेद्दाची फेरी मिळाली. बोळ सापडला. घर उघडं होतं, कामगार आतला राडारोडा काढत होते. त्यांच्यातला एक हैदराबादी होता, त्याने मला आत फिरू दिलं. जिना वरून अर्धा कोसळलेला. कोणी उतरू शकेल असा नव्हताच. खाली पूर्वीचा पाण्याचा हौद होता, इथल्या जुन्या घरांना असतो. क्षणभर मला हायसं वाटलं. चला, पाण्याचा आवाज तरी सुटला. पण तो हौद दगडमातीने काठोकाठ बुजवलेला होता, आणि "ये तो हमारे आने से बहुत पहले का है," असं तो म्हणाला. पुस्तकात मी वाचलंय की पूर्वी समुद्र या वस्तीच्या पुष्कळ जवळ होता, नंतर भराव घालून मागे ढकलला. पण त्याने काय सिद्ध होतं? मी पेपरात असं उत्तर लिहिलं तर शून्य मिळेल.

ऊन लागलं होतं, असं म्हणून पाहिलं. दादाची काळजी डोक्यात होती, कानांनी ते घडवलं, असंही म्हणून पाहिलं. कोकणातलाच कुणी भाडेकरू असेल, हेही. यातलं काहीही तुम्ही म्हणालात तर मी वाद घालणार नाही. पण मग कान आकडे कमी कमी का करत गेले? मला तर वाटत होतं की तो गेला. माझ्या मनाने घडवलं असतं, तर पाणी वाढायला हवं होतं. याच्या पुढे माझी बुद्धी चालत नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा.

हे सगळं मी कधीच लिहिलं नसतं. लिहितोय ते गेल्या शुक्रवारमुळे.

नेहमीप्रमाणे दुपारी फोनच्या केबिनमधून वाण्याच्या दुकानात फोन लावला. एरवी वाणी कुणालातरी आईला बोलवायला धाडतो, मी फोन ठेवतो आणि थोड्या वेळाने परत लावतो. या वेळी तो म्हणाला, "ठेवू नको. ती इथंच हाय. सकाळपासनं बसलीय."

"विनू," आई ओरडली नाही. "सदा आला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिला पुन्हा सांगायला लावलं. तिचं सांगणं पुढचं मागे, मागचं पुढे असं चाललं होतं. काल पहाटे मुंबईच्या गाडीनं उतरला. इंजिन बंद पडलं होतं, लाँच वाहत गेली, पलीकडच्या कुठल्याशा किनाऱ्याला वाळूत रुतली. सगळे वाचले. कागदपत्रं नव्हती म्हणून तिथे अडकवून ठेवलं, आता सोडलं. वाळलाय. दाढी छातीपर्यंत आलीय. पायाला जखम हाय, पण भरत आलीय. बाबूकाका आले, दारात उभे राहिले, त्याला मिठी मारून गेले.

"आता कुठाय?" मी विचारलं.

"घरी. झोपलाय. आल्यापासनं झोपलाच हाय, मध्ये उठतो, भाकरी खातो, परत झोपतो. वहिनी बसलीय उशाशी, हलत नाय." आई थांबली. "उठवू काय रं? पोराला धाडते, पळत जाईल. बोलशील?"

मला किती काय विचारायचं होतं. केबिनच्या काचेबाहेर दोन बंगाली पोरं आपला नंबर येण्याची वाट पाहत उभी होती.

"नको," मी म्हणालो. "झोपू दे त्याला."

आई बरं म्हणाली. पण तिने फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.